त्रास नको म्हणून

देवरूख, ९ मार्च

दीपे,

उभी असशील तर आधी खाली बस. आपल्या सानिकाची सुपारी फुटली!

एवढ्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला वाटलं असेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. हे मला सगळ्यांत आधी माहेरच्या माणसाला सांगायचं होतं, आणि आई-बापू दोघंही वर, म्हणून तुला सांगते आहे. दुसरा काही अर्थ काढू नकोस. बापूंच्या तेराव्याला मी तुला दारात जे बोलले ते बोलले. त्यातला शब्दही मागे घेत नाही. पण सख्ख्या भाचीचं लग्न तुला तिसऱ्याकडून कळावं हे काही मला पटेना.

मोबाईलवर का नाही लिहिलं, असं विचारशील. त्यावर तू वाचलंस की लगेच निळ्या खुणा उमटतात, आणि उत्तर आलं नाही की मी दिवसभर वर्गात फळ्यावर चुका करते. पत्राचं बरं असतं. पोचलंच नसेल, असं म्हणता येतं.

तर ऐक. मुलाचं नाव समर्थ. रत्नागिरीत त्यांचा आंब्याचा रस डबाबंद करायचा कारखाना आहे. सानिका तिथेच प्रयोगशाळेत नोकरीला होती, रस तपासायला. रस तपासता तपासता मालकाच्या मुलाशी जमलं. आम्हाला सांगितलं ते थेट सहा महिन्यांनी. तुझे भावोजी राजेंद्र तुला ठाऊकच आहेत, अजून त्याच कचेरीत, अजून तसेच. ऐकून म्हणाले, "बरं झालं, आंबे विकत घ्यायला नकोत."

परवा त्यांच्या घरी जाऊन आलो. दीपे, काय घर आहे! दिवाणखान्यातून समुद्र दिसतो. मी सगळीकडे बघत होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं, भिंतीवर कॅलेंडर नाही. कुठेच नाही. मी सानिकाला हळूच विचारलं, "ह्यांना तिथी-वार कळतात कसे?" ती म्हणाली, "आई, त्यांना कुणीतरी सांगतं."

आणखी एक गंमत. समर्थची आई, योगिनीताई, अगदी लाघवी बाई. म्हणाल्या, "चहा घेणार?" मी रीतीप्रमाणे म्हटलं, "नको, आत्ताच झाला." आणि त्यांनी खरंच दिला नाही! राजेंद्रही नको म्हणाले, त्यांनाही नाही. आपल्याकडे 'नको' म्हटल्यावर खरं बोलणं सुरू होतं की नाही? अर्धा कप तरी, घोटभर तरी, माझ्यासाठी तरी. तिथे नको म्हणजे नको. येताना पाली गावात गाडी थांबवून आम्ही दोघांनी टपरीवर चहा प्यायला आणि इतके हसलो की टपरीवाला बघत राहिला.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. लग्न वेळणेश्वरला, समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात, ४ मेला. योगिनीताईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "रेणुकाताई, तुम्ही काहीही करायचं नाही. तुम्हाला अजिबात त्रास नको. फक्त या." ऐकलंस? मुलीच्या आईला काहीही करायचं नाही! आईने माझ्या लग्नात पंधरा दिवस पाठ टेकली नव्हती. मी आनंदाने रात्रभर जागी होते.

तुला यायचं असेल तर ये. पत्रिका छापल्या की पाठवेन.

ताई


देवरूख, २३ मार्च

दीपे,

साडी पोचली. म्हणजे पत्र पोचलं.

चिठ्ठी नव्हती. मी खोका उलटा करून झटकला, कागदाच्या घड्या उलगडून पाहिल्या. साडी मात्र अशी आहे की शाळेतल्या सगळ्या बाया घरी येऊन हात लावून गेल्या. डाळिंबी रंग मला अजून आवडतो हे तुझ्या लक्षात आहे, याचा मला आनंद झाला, आणि आनंद झाला याचा रागही आला. साडीला तोंड नसतं गं. दोन ओळी लिहायला काय झालं होतं?

असो. मी तुझ्याकडे कामासाठी लिहिते आहे. तू आता मुंबईची, पैशातली, म्हणजे त्यांच्यातली. मला एक सांग, तसल्या लग्नात काय काम असतं?

हसू नकोस. इथे मोठाच घोळ झाला आहे. परवा रविवारी सकाळी मी केस धुऊन पुढच्या अंगणात, खळ्यात बसले होते, तर येसूबाई आली. आठवते ना, वरच्या घरातली, वाडीतल्या प्रत्येक लग्नात पापडाची मुकादम? वय झालं, पण हुकूम तसाच आहे. तिच्यामागे वाडीतल्या सगळ्या बाया, पोळपाट-लाटणी घेऊनच. म्हणाली, "गो रेणका, पोहं कदी कांडायचं? पापडाचा दिवस सांग. ऊन आता बरा पडतांय."

मी मोठ्या उत्साहात सांगितलं. म्हटलं, येसूबाय, काही करायचं नाही, पापड नाहीत, लाडू नाहीत, सगळं हॉटेलवाले करणार, तुम्ही सगळ्या नटूनथटून फक्त या. गाड्या पाठवणार आहेत ते, एसीच्या.

मला वाटलं होतं, टाळ्या वाजवतील. येसूबाई पोळपाट मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "मंग आमी काय नुस्त्या जेवायला येवाचं?"

म्हटलं, हो, जेवायला या, मजा करायला या.

तर म्हणते, "आमचा हात नाय लागला त्या मांडवात आमी पान कसा मांडायचा? भिकारी हाव काय आमी?" आणि उठली. सगळ्या उठल्या. कुणी भांडलं नाही, कुणी रागावलं नाही. जाताना माझी वाळत घातलेली कोकमंसुद्धा उन्हाकडे सरकवून गेल्या.

दीपे, मी या वाडीत लग्न होऊन आले तेव्हा मास्तरीण म्हणून सगळे बिचकून असायचे. ते गेलं कशाने, तर दर लग्नात मी यांच्याबरोबर मसाला कुटला, तांदूळ निवडले, उष्टी काढली. बापू शेवटच्या आजारपणात माझ्याकडे असताना रात्रीची पाळी लावून हीच माणसं बसली. वाडीतली रीत तुला ठाऊक आहे. ज्याच्या घरी आपण राबलो नाही त्याच्या घरी जेवायचं नाही, आणि ज्याला आपण राबू दिलं नाही त्याने उद्या आपल्याला बोलवायचं नाही. मी त्यांना सुट्टी देते आहे असं मला वाटलं आणि त्यांना वाटलं, बाईने वाडी सोडली. राजेंद्रांना सांगितलं तर म्हणाले, "श्रीमंत झालो आपण. जावई यायच्या आधीच."

मला हे होऊ द्यायचं नाही. माझ्या मुलीच्या लग्नाला माझी माणसं आली नाहीत तर मी त्या समुद्रकाठी डाळिंबी साडी नेसून कुणाची म्हणून उभी राहू? म्हणून विचारते. तिथे एखादं तरी काम असतं का, जे पंधरा बाया आणि दहा पुरुषांना देता येईल? काहीही चालेल. पाहुण्यांना पाणी देणं, नारळ फोडणं, फुलं निवडणं. लवकर कळव. आणि या वेळी लिही.

ताई


देवरूख, १२ एप्रिल

दीपे,

तुझं उत्तर नाही. माझं कामही तुझ्यावाचून अडलं नाही. तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण सगळं जमलं!

मी वाट बघून शेवटी योगिनीताईंनाच फोन केला. त्यांनी लग्नाची व्यवस्था बघणाऱ्या मुलीला जोडून दिलं. आरोही नाव तिचं, बोलते अशी की मागे गाडी सुटते आहे. मी विचारलं, आमच्या वाडीच्या माणसांना काय काम देता येईल? ती म्हणाली, "काकू, त्यांनी काही करायचं नाही, एन्ट्रीला स्माईल करायचं." आता येसूबाई आणि स्माईल! तिच्या तोंडात वरचे दात आहेत ते फक्त सुपारीसाठी.

मग मी योगिनीताईंना सगळं सांगितलं. पोळपाटापासून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नात आमच्या आळीने असंच केलं होतं. आता मला त्यातल्या कुणाची नावंही आठवत नाहीत." आणि त्यांनीच तोड काढली. लग्न वेळणेश्वरला, पण आदल्या दिवशीची हळद आपल्या खळ्यात, आपल्या मांडवात, वाडीच्या हातची. बाई खरंच चांगली आहे गं. मी उगाच चहावरून हसले.

येसूबाईकडे मी स्वतः गेले, लाटणं घेऊन. म्हटलं, हळद घरी आहे, आता काय करायचं ते तूच सांग. ती म्हणाली, "मंग असा सांग की." झालं! त्या दिवसापासून माझ्या घरात मला उभं राहायला जागा नाही. पोह्याचे पापड झाले, फेण्या झाल्या, मसाला कुटून झाला, शिंका अजून चालू आहेत. मांडवाचं बाबाजीने अंगावर घेतलं आहे. तोच, बापूंना उचलून अंघोळीला न्यायचा तो. बांबू तोडून व्हाळाच्या पाण्यात भिजत टाकलेत, घरोघरी नारळाची झापं विणायला दिलीत. मुहूर्तमेढ ३० तारखेला सकाळी. बाबाजी रोज येऊन खळं पावलांनी मोजतो आणि रोज वेगळं माप सांगतो. मुंबईला नोकरीला असलेले चाकरमानी पोरगे मेढीसाठी रजा टाकून येणार आहेत.

आता तुझं. सानिकाला मामा नाही. आपल्याला भाऊ नाही त्याला कोण काय करणार? वधूला मांडवात हाताला धरून आणायचं मामाने. राजेंद्र म्हणाले, चुलतभावाला सांगू. सानिका म्हणाली, "मावशी आणेल." मी म्हटलं, ती येईल का याची खात्री नाही. ती म्हणाली, "मग आई, तू नीट बोलाव ना."

म्हणून नीट बोलावते. दीपाली, भाचीला मांडवात आणायला ये. पण एक अट आहे. उतरायचं आपल्या घरी, हॉटेलात नाही.

बापू पडून होते तेव्हा तू काय नाही पाठवलंस? दोन नर्स पाठवल्यास, हवेची गादी पाठवलीस, रत्नागिरीहून डॉक्टर आणवलास. मी नाही म्हणत नाही, बापूंना त्याचा आराम पडला. पण तू आलीस आणि रोज संध्याकाळी गाडीत बसून हॉटेलात गेलीस. "ताई, तुला त्रास नको." शेवटच्या रात्रीही गेलीस. तेराव्याच्या जेवणाला केटररचा माणूस उभा केलास, तेही मला त्रास नको म्हणून, आणि वाडीतली माणसं रिकाम्या हाताने भिंतीला टेकून उभी राहिली. तेव्हा मी म्हटलं की पुढच्या वेळी रडायलाही माणसं भाड्याने पाठव. बोलले, आणि अजून म्हणेन.

मी इतकी वर्षं विचार करते आहे की तुमच्यात नि आमच्यात नेमका फरक कसला. गाडीचा नाही, घराचा नाही. आम्ही एकमेकांना त्रास देतो गं. हक्काने देतो. अपरात्री दार वाजवतो, पातेलं मागतो, पोर ठेवून जातो, वर 'चहा टाक' म्हणतो. तुमच्याकडे सगळं येतं, फक्त कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही. मला तो सुटसुटीतपणा नको आहे. तू ये आणि मला भरपूर त्रास दे.

हॉटेलात उतरणार असशील तर येऊच नकोस.

ताई


देवरूख, ३० एप्रिल, दुपार

दीपाली,

हे पत्र तुझ्याच ट्रकवाल्याबरोबर पाठवते आहे. तो मुंबईला परत निघालाय, तुझा मांडव घेऊन.

काय झालं ते ऐक. काल मी आणि सानिका रत्नागिरीला, ब्लाऊज आणायला. घरी राजेंद्र एकटे. संध्याकाळी ट्रक आला. दहा माणसं उतरली, लोखंडी खांब, झुंबरं, गुलाबी-पांढरे पडदे, पंखे, जनरेटर. राजेंद्र म्हणाले, चुकून आलात. त्यांनी कागद दाखवला, "मुंबईहून दीपाली मॅडमनी पाठवलंय. सगळं दिलेलं आहे. तुम्हाला काही त्रास नाही." राजेंद्र कचेरीतला माणूस. शिक्का असलेल्या कागदाला त्यांनी जन्मात नाही म्हटलेलं नाही. आम्ही परत आलो तर आमच्या शेणाने सारवलेल्या खळ्यावर हिरवा गालिचा आणि आमच्या दारात राजवाडा.

सानिका म्हणाली, "आई, सुंदर आहे." सुंदरच होता. मी खोटं बोलणार नाही. एक क्षण माझेही डोळे दिपले.

आणि आज सकाळी बाबाजी आला. पुढे तो, मागे सगळी वाडी, खांद्यावर बांबू, डोक्यावर झापं, मुंबईहून रातोरात आलेले पोरगे, मेढीला बांधायला आंब्याचा टाळा, चांगली पानांची डहाळी, वाजंत्रीला एक ताशा. ताशा वाजवत वळणावरून आले आणि दारात येऊन थांबले. ताशा बंद पडला. मला तो आवाज बंद झालेला अजून ऐकू येतो आहे.

बाबाजीने खांबाला हात लावून पाहिला. म्हणाला, "वैनी, बरा हाय. मजबूत हाय." आणि मागे वळून म्हणाला, "चला रे. बांबू व्हाळात टाका, पावसाला कुडाला होतील."

मी रडले, दीपे. भर अंगणात, मास्तरीणबाई असून, सगळ्या वाडीसमोर, मोठ्याने. म्हटलं, बाबाजी भावोजी, मी नाही सांगितलं हो, माझ्या बहिणीने पाठवला, तिला काही कळत नाही, ती लांबून उंटावरून शेळ्या हाकते. काय बोलत होते माझं मला ठाऊक नाही. येसूबाईने मला धरलं. बाकी सगळे पायाकडे बघत होते.

तेव्हा बाबाजी म्हणाला, "आता उगी रडू नुको. उभारायचा नाय गावला तर सोडवायचा तरी आमाला दे."

आणि सोडवला! अगं, काय सोडवला! तुझी दहा माणसं 'असं नाही, तसं' करत पुढे आली, तर त्यांना येसूबाईने पंगतीला बसवलं, घावणे आणि नारळाचा रस. ती जेवत होती आणि इकडे वाडी कामाला लागली. झुंबरं अशी उतरवली जशी कुणाच्या घरची झोपलेली पोरं उचलावीत. पडद्यांच्या घड्या बायांनी घातल्या, तुझ्या माणसांनी घातल्या होत्या त्यापेक्षा नीट. ट्रकवाला म्हणाला, एवढ्या वर्षांत माल असा परत कुणी दिला नाही. मग ताशा पुन्हा सुरू झाला, मेढ रोवली, आणि आत्ता मी लिहिते आहे तेव्हा माझ्या डोक्यावर निम्मा मांडव उभा आहे, झापांचा, ओल्या बांबूच्या वासाचा, आणि थोडा डावीकडे कललेला, कारण बाबाजीचं माप आजही वेगळं निघालं. मी इतकी खूश आहे आणि तुझ्यावर इतकी संतापले आहे की दोन्ही एकदम कसं मावतंय मला कळत नाही.

तुझं काय घोडं मारलंय मी? मी तुला तीन पत्रं लिहिली. प्रत्येकात सांगितलं काय हवं ते. तू पत्र वाचलंस, मांडव हा शब्द वाचलास, आणि मांडव पाठवलास. माझ्या साध्या मराठीतून 'तू ये' एवढंच तुला वाचता आलं नाही?

परवा दिवशी हळद दळायची आहे. ३ तारखेला सकाळी सानिकाला हळद लागेल. तिला हाताला धरून आणायला तू असशील तर बरं, नसशील तर राजेंद्रांचा चुलतभाऊ आहे. पण आता काही पाठवू नकोस. फूलसुद्धा पाठवू नकोस. तू येत असलीस तर ये, नाहीतर सगळंच राहू दे.

ताई


देवरूख, २ मे

दीपे, माझ्या दीपे,

तुझा ड्रायव्हर ओट्यावर बसलाय. त्याने तुझं पत्र दिलं आणि म्हणाला, "मॅडम संगमेश्वरला थांबल्यात. उत्तर घेऊन ये म्हणाल्या. उत्तर पाहून ठरवणार, पुढे यायचं की मागे फिरायचं." संगमेश्वरपर्यंत आलीस आणि तिथे थांबलीस! अर्ध्या तासाच्या अंतरावर!

पत्र मी आधी जात्याजवळ उभ्याने वाचलं, मग मागच्या पडवीत जाऊन वाचलं, मग येसूबाईला मोठ्याने वाचून दाखवलं. रागावू नकोस. तिला सगळं ऐकायचंच होतं.

तू लिहिलंस, "ताई, त्रास दे म्हणतेस, तर आधी ऐक किती होईल ते, मग बोलाव." आणि मग दीड पान त्रास! तुला रक्तदाब, अळणी जेवावं लागतं. तू घोरतेस, इतकी की घरी तुझी खोली वेगळी आहे. पालीची भीती तशीच आहे. रात्री दिवा जळत असल्याशिवाय झोप लागत नाही. औषधाची आठवण कुणी केली नाही तर तू विसरतेस, आणि आठवण करणाऱ्या बाईला पगार आहे. वाचता वाचता मला हसू यायला लागलं, आनंदाचं. म्हटलं, आली, माझी बहीण आली, हा सगळा तिचा नखरा!

आणि मग ते शेवटचं. बापू पडून होते तेव्हा तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. तुला उकिडवं बसता येत नव्हतं, आणि आमच्याकडे तेव्हा तसलाच संडास होता. "सगळं गाव बापूंच्या उशाशी, आणि मी तुला संडासाचं कसं सांगू? लाज वाटली. म्हणून म्हटलं, त्रास नको." एवढ्यासाठी तू हॉटेलात जात होतीस. एवढ्यासाठी बापूंच्या शेवटच्या रात्री तू नव्हतीस.

अगं वेडे! बापूंच्याच खोलीत, पलंगाच्या मागे, प्लास्टिकची खुर्ची होती, मधोमध कापलेली! बाबाजीने करवतीने कापून दिली होती बापूंसाठी. चार पावलांवर होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. एक शब्द बोलली असतीस तर दुसरी कापून दिली असती त्याने, हसत हसत. येसूबाई हे ऐकून म्हणाली, "एवडी मोटी बाय, आनि एवडा सांगाया कोन नाय तिला?" आणि तिच्याच डोळ्याला पदर गेला.

मला इतकी वर्षं वाटलं, तो तुझ्या पैशाचा माज. माज नव्हता, लाज होती. तुला मागवायची सवय लागली आणि मागायची मोडली. आणि तू रोज संध्याकाळी त्या हॉटेलात जाऊन एकटी काय करत होतीस, हे मी एकदाही विचारलं नाही.

ऐक आता. अळणी वेगळं काढायला येसूबाईने पातेलं चढवलंसुद्धा. घोरणं कुणाला ऐकू येणार नाही, घरात आज पंचवीस माणसं निजणार आहेत आणि राजेंद्र त्यांचे पुढारी आहेत. पाली आहेत, भरपूर आहेत, त्यांना मी काही करू शकत नाही. गादी नाही. खोली नाही. जागाच नाही, तू माझ्या आणि सानिकाच्या मध्ये झोपायचंस, आडवं व्हायला मिळालं तर. औषधाची आठवण सगळी वाडी करेल, तुला नको होईपर्यंत. आणि ज्याची तुला लाज वाटली ती सोय आता घरात पक्की झाली आहे, उंच, बसायची, सरकारी योजनेतली नव्हे, राजेंद्रांच्या गुडघ्यांच्या कृपेने.

उद्या सकाळी सानिकाला तू आणायचंस. ती मघापासून चारदा विचारून गेली, "मावशी निघाली का?"

ड्रायव्हर म्हणतो, बाई, पत्र द्या, मॅडम उन्हात थांबल्यात. त्याने नको म्हटलं म्हणून त्याला चहाही द्यायचा राहिला, बघ, मलाही तुमची हवा लागली. आता घेतोय.

पण दीपे, मी हे लिहीत काय बसले आहे? मी तुला पत्र पाठवणार, तू ते वाचणार, मग ठरवणार! काही ठरवायचं नाही. हात हळदीचे आहेत, साडी घरातली आहे, केस विंचरलेले नाहीत, तुझी गाडी पिवळी होणार आहे. ड्रायव्हरचा चहा झाला. मीच बसते गाडीत.

थांब तिथेच. आले.